उज्जाची फाईल

मी दोनशे टनी प्रेसचा पडदा बंद केला, त्याची किल्ली खिशात टाकली आणि घरी निघालो.

ज्यांनी प्रेस शॉपमध्ये कधी पाय ठेवलेला नाही, त्यांना या वाक्यात भयंकर काही दिसणार नाही. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "पडदा बंदच केलात ना? मग ओरडताहेत कशाला सगळे?" म्हणून माझा गाढवपणा आधी नीट उलगडून सांगतो.

प्रेस म्हणजे पत्र्याला आकार देणारं यंत्र. ऑपरेटर समोर बसतो, सपाट पत्रा आत ठेवतो, पायाखालचं पेडल दाबतो. वरून दोनशे टनांचा घण खाली येतो आणि पत्र्याचा मोटरसायकलला लागणारा ब्रॅकेट होतो. हात आत राहिला तर त्याचंही काहीतरी होईल, म्हणून प्रेसच्या तोंडाशी दोन खांबांमध्ये न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा असतो. हात त्यात शिरला की प्रेस जागच्या जागी थांबते. हा पडदा झोपवायची एक किल्ली असते. ती फिरवली की पडदा झोपतो, प्रेस मात्र चालूच राहते. साचा बदलताना तेवढी ती वापरायची, आधी वहीत सही करायची, आणि काम झालं की पडदा पुन्हा जागा करून किल्ली काचेच्या पेटीत ठेवायची. असा नियम.

मी पहिल्या शिफ्टचा इन्चार्ज. त्या दिवशी पडद्याच्या काचांवर तेल उडालं होतं आणि आत कोणाचा हात नसताना प्रेस दर दोन मिनिटांनी थांबत होती. काचा पुसायला मेंटेनन्सचा माणूस बोलवायचा तर अर्धा तास गेला असता. गेटवर माल न्यायला आलेला टेम्पो हॉर्न वाजवत होता. मी सही न करता किल्ली काढली, पडदा झोपवला, ऑपरेटरला उठवलं आणि शेवटचे ब्रॅकेट स्वतः बसून काढले. टेम्पो गेला. भोंगा झाला. मी हात धुतले आणि कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी जाऊन बसलो. मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

एवढी हिंमत झाली ती एकाच कारणानं. पाटोळे सर त्या दिवशी कंपनीत नव्हते.

शमुवेल पाटोळे आमचे सेफ्टी ऑफिसर. मूळचे नगरकडचे, आता पिंपरीत राहणारे. उंची बेताची, टक्कल संपूर्ण, चष्म्याला दोरी, आणि किल्ल्यांच्या जुडग्यात एक जुना नेलकटर. चाकणच्या इतर कंपन्यांत सेफ्टी ऑफिसर शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं सगळ्यांना उभं करून हेल्मेट घाला, बूट घाला असं सांगतो. आमचे पाटोळे सर त्या दहा मिनिटांत बायबलच्या जुन्या करारातले मृत्यू सांगत.

"आज कोण मेलं, साहेब?" तात्या कड पहिल्या रांगेतून विचारायचे. तात्या त्या दोनशे टनी प्रेसचे दुसऱ्या शिफ्टचे ऑपरेटर. मूळ गावातलेच. कंपनी झाली ती त्यांच्याच शिवारावर. "ही प्रेस जितं हाय ना, तितं आमची बोर व्हती. लई ग्वाड बोरं," असं ते नव्या माणसाला हमखास सांगायचे. जमीन गेली आणि जमिनीच्या जागी कंत्राटी कामगार म्हणून तात्या आत आले.

"आज नोहाचा जलप्रलय," पाटोळे सर कागद न बघता सांगायचे. "मृत, समस्त प्राणिमात्र. वाचले, आठ जण आणि जनावरं. इशारा दिला होता का?"

"दिला होता," सगळे एका सुरात म्हणायचे.

"ऐकला का?"

"न्हाई."

"जहाजाला दार किती? एक. आजच्या नियमानं नापास. बाहेर पडायला दोन वाटा पाहिजेत. तुमच्या मागच्या दारासमोर पॅलेट कोणी रचून ठेवलेत?"

आणि मग पॅलेट हलायचे. हेल्मेटच्या भाषणानं जे कधी झालं नव्हतं ते नोहानं व्हायचं.

त्यांची प्रत्येक गोष्ट म्हणजे अपघाताचा रिपोर्ट. ठिकाण, मृत, वाचलेले, इशारा, कारण. कोरहाला जमिनीनं गिळलं त्याचं कारण त्यांच्या मते देवाचा कोप होताच, पण आमच्या आवारात पायाचा खड्डा खणला तेव्हा त्याभोवती दोऱ्या बांधून त्यांनी पाटी लावली, 'कोरह होऊ नका.' पॅलेटमागे डुलकी काढणाऱ्याला ते, वादळात जहाजाच्या तळाशी झोपलेल्या योनाला उठवावं तसं, "ऊठ योना, वादळ आलंय" असं म्हणून उठवत. एकदा हेल्मेट काढलेलं असताना त्यांच्या टकलावर कोणीतरी हसलं, तर दुसऱ्या दिवशी अलीशा संदेष्ट्याला टकल्या म्हणणाऱ्या बेचाळीस पोरांना दोन अस्वलींनी कसं फाडलं, ते त्यांनी कमालीच्या शांतपणे सांगितलं. त्यानंतर त्यांनी हेल्मेट काढलं की शॉपमध्ये सगळ्यांचे चेहरे एकदम गंभीर होत.

सदोम जळताना लोटाची बायको मागे वळून बघते आणि मिठाचा खांब होते, ही त्यांची आवडती. आग लागल्याची रंगीत तालीम असली की कोणीतरी डबा नाहीतर मोबाईल आणायला परत आत धावतोच. त्याला आमच्याकडे 'मिठाचा खांब' म्हणतात. दरवर्षी दोन-तीन तरी निघतात. एका वर्षी मी होतो.

मॅनेजरसाहेबांनी एकदा त्यांना आत बोलावून सांगितलं, "पाटोळे, कंपनीत हे धर्माचं नको."

"मी धर्म कुठं सांगतोय, साहेब? मी अपघात सांगतो."

"तुम्ही परवा मिसरच्या त्या फारो राजाला प्रॉडक्शन मॅनेजर म्हणालात."

"म्हणालो. गुलामांना विटांचं टार्गेट तेच ठेवलं आणि विटांच्या मातीत घालायचा पेंढा बंद केला. दुसरं काय म्हणू?"

तेव्हापासून पत्र्याची गाडी वेळेवर आली नाही की शॉपमध्ये कोणीतरी म्हणतं, पेंढा बंद झाला.

त्यांच्याकडे पिवळ्या रंगाची, मनगटाएवढी जाड लाकडी काठी होती. तिचं नाव अर्थातच मोशेची काठी, समुद्र दुभंगवणारी. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला ते एकेका प्रेससमोर जात, ऑपरेटरला पेडल दाबायला सांगत आणि प्रेस खाली येत असताना काठी पडद्यात घालत. पडद्याला ते अंतरपट म्हणत. "मंदिरातल्या अंतरपटाच्या आत हात घालायचा नसतो," असं दरवेळी पुटपुटत. प्रेस थांबायची. ते पुढच्या प्रेसकडे जायचे. वर्षानुवर्षं ती काठी आत गेली आणि अख्खी बाहेर आली.

दोन गोष्टी मात्र मला उलगडत नव्हत्या. एक म्हणजे रविवार. कितीही तातडीचं काम असो, पाटोळे सर रविवारी ओव्हरटाइमला येत नसत. सकाळी चर्च, हे समजण्यासारखं. पण दुपारी तरी या म्हटलं तर म्हणायचे, "दुपारी नखं कापायची असतात." एका माणसाला नखं कापायला अख्खी दुपार लागते यावर मी कँटीनमध्ये बऱ्याच नकला केल्या. चांगल्या व्हायच्या, सगळे हसायचे.

दुसरी गोष्ट उज्जाची. ते जागेवर नसताना मी एकदा त्यांच्या टेबलावरचं बायबल उघडून पाहिलं. दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावायची मला खोड आहे. प्रत्येक दुर्घटनेशेजारी समासात पेन्सिलीनं बारीक शेरा होता. 'इशारा होता. ऐकला नाही.' पानामागून पान. फक्त उज्जा नावाच्या एका माणसाच्या मृत्यूपाशी नुसतं प्रश्नचिन्ह होतं, इतक्या वेळा गिरवलेलं की कागद फाटायला आला होता. मी मान वर केली तर ते दारात उभे.

"हा उज्जा कोण, सर? हा कधी सांगितला नाहीत."

त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, मिटलं, ड्रॉवरमध्ये ठेवलं. "ती फाईल अजून उघडी आहे," म्हणाले.

तर त्या दिवशी असे हे पाटोळे सर आकुर्डीला कसल्याशा ट्रेनिंगला गेले होते आणि तिथून परस्पर घरी जाणार होते. म्हणजे दुसऱ्या शिफ्टला काठी फिरणार नव्हती.

हे मला बसमध्ये आठवलं. मोशीच्या अलीकडे घाम पुसायला रुमाल काढला, तर रुमालाबरोबर किल्ली बाहेर आली आणि मांडीवर पडली.

मी तिच्याकडे बघत राहिलो. मग घड्याळाकडे. दुसरी शिफ्ट सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. दोनशे टनी प्रेसवर तात्या बसले असणार. आणि तात्यांची एक सवय अख्ख्या शॉपला माहीत होती. पत्र्याची कातरण आत अडकली की ते चिमट्याऐवजी हातानं काढत. ओरडलं की म्हणायचे, "पडदा हाय की."

पडदा नव्हता. त्याची झोप माझ्या मांडीवर होती.

मी बस थांबवायला लावून उतरलो. शॉपमध्ये कोणाचाच मोबाईल लागणार नव्हता, आत जाताना सगळ्यांचे फोन लॉकरमध्ये जातात. गेटवर लावला. वॉचमननं उचलला.

"बोला साहेब."

आता बघा. या क्षणी मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. दोनशे टनी प्रेस थांबवा. बस्स. पण गेटवर आलेला प्रत्येक फोन वॉचमन वहीत लिहितो, वेळेसकट, नावासकट. ती वही माझ्या डोळ्यांसमोर आली. आणि माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, माझा डबा राहिलाय. परत येतोय."

"या की," म्हणाला, आणि ठेवून दिला.

डबा माझ्या खांद्याला लटकत होता.

रिक्षा मिळाली. चाकणच्या चौकाअलीकडे कंटेनरांची रांग लागलेली. रिक्षा दोन हात पुढे जायची आणि थांबायची. रिक्षावाला म्हणाला, "घाई करून काय उपयोग, भाऊ? सगळेच अडकलेत." मी किल्ली मुठीत एवढी घट्ट धरली होती की तळव्यावर तिचे दात उमटले. डोक्यात पाटोळे सरांचा आवाज सुरू झाला. इशारा दिला होता का? नोहाला एवढी वर्षं मिळाली, फारोला दहा वेळा सांगितलं, सदोमला दोन देवदूत घरी जाऊन आले. तात्यांना काय मिळालं? डबा.

पुन्हा फोन लावायला हवा होता. मी तीनदा फोन हातात घेतला. तिन्ही वेळा विचार केला, आता पोचतोच आहे. माझी सगळी हुशारी अशा वेळी जागी होते. शेवटचा टप्पा मी रिक्षा सोडून पळत गेलो. या वयात आणि या पोटानिशी मी पळालो हे सांगायचं एवढ्याचसाठी, की माझ्या बाजूनं बोलायला तेवढंच आहे.

गेटमधून आत शिरलो आणि थबकलो. प्रेस शॉपचा आवाज येत नव्हता.

प्रेस शॉपचा आवाज तुम्हाला चाकणमध्ये लांबूनही येतो. धप, धप, धप. झोपेतही येतो. तो थांबणं म्हणजे एकतर जेवणाची सुट्टी, नाहीतर दुसरं काहीतरी. जेवणाला वेळ होता.

आत सगळी शिफ्ट दोनशे टनी प्रेसभोवती गोळा झाली होती. मी माणसं बाजूला सारत पुढे गेलो. आधी जमिनीकडे पाहिलं. लाल काही नव्हतं. मग तात्यांकडे. स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले. मी बोटं मोजली. दहा होती. पुन्हा मोजली.

प्रेसच्या टेबलावर मोशेची काठी दोन तुकडे होऊन पडली होती. टोकाकडचा भाग चेचून वेफरसारखा झालेला.

पाटोळे सर ट्रेनिंगहून घरी गेलेच नव्हते. काठी फिरवायची राहिली म्हणून दोन बस बदलून परत आले होते. आल्या आल्या तात्यांना पेडल दाबायला सांगितलं आणि काठी आत घातली. ती अख्खी बाहेर आली नाही.

"मी परत विचारतो, तात्या," मॅनेजरसाहेब म्हणत होते. त्यांच्या हातात रिपोर्टचा फॉर्म होता. "मशीनवर तुम्ही. किल्ली पेटीत नाही. वहीत कोणाची सही नाही. मग पडदा कोणी बंद केला?"

"म्या न्हाई, साहेब." तात्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "मला काय म्हाईत तो बंद हाय ते? म्या तर दोनदा हात घातला आत. कातरण काडाया. दोनदा." ते आपल्या हातांकडेच बघत होते. "पेडलवरनं पाय उचलल्याला व्हता म्हनून."

"टार्गेटसाठी करतात हे लोक," मॅनेजरसाहेब पाटोळे सरांना म्हणाले. "मी लिहिलंय, ऑपरेटरने परवानगीशिवाय सुरक्षा यंत्रणा बंद केली. तुमची सही करा. कंत्राटी माणूस आहे, उद्यापासून त्याचा पास बंद. विषय संपला."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. "तुम्ही इथे कसे?"

मी पळत येताना सगळं वाक्य पाठ करून आलो होतो. तोंड उघडलं.

"डबा राहिला होता," मी म्हणालो.

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "मिठाचा खांब." कोणी हसलं नाही. पाटोळे सरांनी माझ्या खांद्यावरच्या डब्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

त्यांनी फॉर्म घेतला, खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. फॉर्म टेबलावर काठीच्या तुकड्यांशेजारी ठेवला आणि सहीच्या जागेवर पेन टेकवलं. तिथं ते थांबले. शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला.

"तात्या," ते मान वर न करता म्हणाले, "आज कोण मेलं, विचारलं नाहीत."

तात्यांनी हातांवरची नजर उचलली.

"उज्जा मेला. ऐका. कराराचा कोश म्हणजे देवाची पेटी. ती न्यायची लेखी पद्धत होती. दांडे घालायचे, खांद्यावर घ्यायची. पेटीला हात लावायचा नाही, लावला तर मराल. इशारा दिला होता."

"व्हय," तात्या सवयीनं म्हणाले.

"पण दावीद राजाला घाई होती. मिरवणूक निघालेली, वाजंत्री, हजारो माणसं. खांद्यावरून कधी पोचणार? त्यानं नवी गाडी आणली आणि पेटी गाडीवर ठेवली. वाटेत एका खळ्यापाशी बैल अडखळले. पेटी कलंडली. शेजारी उज्जा चालत होता. त्यानं हात पुढं केला. चोरायला नाही, सावरायला. आणि जागेवर मेला."

त्यांनी पेन कागदावरून उचललं.

"पंचवीस वर्षं मी हा रिपोर्ट लिहितोय," पाटोळे सर म्हणाले. "कामगाराचा निष्काळजीपणा. बरोबर आहे. हात त्याचाच होता. फक्त मला एवढं कळत नाही, साहेब, की पेटी गाडीवर ज्यानं ठेवली त्याचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं. दाविदानं पुढं गाणी लिहिली, चिक्कार लिहिली. उज्जावर एक ओळ नाही."

"पाटोळे, तुम्ही देवाचं इथं..."

"देवाचं देव बघेल. मी शिफ्ट इन्चार्जचं विचारतोय."

संपलं. यांना सगळं माहीत आहे, मी मनात म्हणालो. डब्याकडे पाहिलं तेव्हाच ओळखलं असणार. माझा हात आपोआप खिशातून बाहेर आला आणि किल्ली टेबलावर ठेवली गेली.

"मी केला," मी म्हणालो. "दुपारी टेम्पोसाठी. मग विसरलो."

पाटोळे सरांनी चष्मा काढला. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी आत्ताच कुठूनतरी उगवलो होतो. मला त्या वेळी वाटलं, काय नाटकी माणूस आहे.

"गेटवर फोन केला होतास तू," ते हळूच म्हणाले. "वॉचमननं सांगितलं. इशारा दिला होतास का?"

"नाही."

तात्या उठले. मला वाटलं, मारतात. ते जवळ आले, दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले, उलटे केले, सुलटे केले, आणि पाणी प्यायला निघून गेले. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

पाटोळे सरांनी फॉर्म फाडला आणि दुसरा घेतला. मला तीन दिवस घरी बसवलं, आणि ते कमीच होतं. तात्यांचा पास राहिला. त्यांनी चिमटा वापरायला सुरुवात केली, पण माझ्याशी बोलणं बंद.

चौथ्या दिवशी कामावर गेलो तर पाटोळे सर नवी काठी पिवळी रंगवत बसले होते. "रविवारी काय करतोस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"नखं कापायला चल."

रविवारी दुपारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी आळंदीला गेलो. घाटाकडे जाणाऱ्या गल्लीत टाळ, चिपळ्या आणि तुळशीमाळा विकणारं एक चिंचोळं दुकान होतं. गल्ल्यावर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ बसलेले, कपाळाला गंध, अंगात पांढरी बंडी. उजवी बाही मनगटापाशी गाठ मारून बांधलेली.

"हा सुधीर," पाटोळे सर म्हणाले. "आणि हे गेनूभाऊ." मग खिशातून जुडगा काढला, बघितला, पुन्हा खिशात ठेवला. "चहा सांगून येतो," म्हणाले आणि गेले.

गेनूभाऊंनी मला बसायला पाट सरकवला. "किल्ली इसरला तो तूच का?"

"हो."

"ह्यो इसरला नव्हता." त्यांनी पाटोळे सर गेले त्या बाजूला मान उडवली. "भोसरीला एका शेडात आमचा शिफ्ट इन्चार्ज व्हता. तवा पडदे कुटले? दोन हातांनी दोन बटनं दाबायची, तवा प्रेस खाली यायची. म्हंजी दोनी हात भाईर. तर ह्यानं एका बटनात लाकडाची पाचर ठोकली. काम उरकतं म्हनून. माजा एक हात मोकळा झाला. पत्रा सरकला, म्या सावराया गेलो." ते एक माळ सरळ करत होते, एका हातानं, दाताला धरून. "रिपोर्टात माजाच निष्काळजीपना. खाली सही ह्याची."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. शॉपमध्ये त्या दिवशी पाटोळे सर माझ्याबद्दल नाही, स्वतःबद्दल बोलत होते. मी उगाचच कबूल झालो होतो.

"दोन वरसं तोंड दावलं न्हाई," गेनूभाऊ म्हणाले. "मंग एका रविवारी आला, दारात हुबा. म्हन्ला, एका हातानं त्याच हाताची नखं कशी कापतोस, ह्या इचारानं झोप येत न्हाई. म्या म्हन्लं, दातानं. तर रडाया लागला. तवापसून येतोय."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. नखं काय दर आठवड्याला वाढत्यात व्हय? पन येतो." त्यांनी आवाज खाली आणला. "घरात सून हाय, पोरगा हाय, कुनीबी कापंल. कापू देत न्हाई म्या. तेंच्याकडनं कापून घेतली तर ह्यो यायाचा कशाला? बायको गेल्यापसून त्याला दुसरं घर न्हाई."

पाटोळे सर चहाचे तीन कप घेऊन आले. आम्ही गप्प झालेलो पाहून त्यांना कळायचं ते कळलं असावं. चहा झाला. मग त्यांनी जुडग्यातून नेलकटर सोडवला आणि माझ्यापुढे धरला.

"मी आणखी तीन वर्षांनी रिटायर होणार," ते म्हणाले. "गावाकडं जायचं म्हणतोय. घे. अंगठ्यापासून सुरुवात कर."

गेनूभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि मग डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. जड हात होता, बोटांच्या टोकांना तुळशीच्या लाकडाचा भुसा लागलेला. मी अंगठा धरला. दोनशे टनी प्रेसवरही मी एवढं जपून कधी काम केलं नव्हतं. मी नेलकटर नखाखाली सरकवला, नीट बघितलं, आणि दाबला.

रक्ताचा थेंब आला.

गेनूभाऊंनी हात शांतपणे मागे घेतला, अंगठा तोंडात घातला, बाहेर काढून पाहिला.

"पाटोळे," ते म्हणाले, "काडून घे ते ह्याच्याकडनं. माजी पाचच राहिल्यात."